तायडे भाऊंचा खडू

तायडे भाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी काहीतरी वाजवून पाहत आणि मगच बसत. खुर्ची, माठ, दाराची चौकट, समोर येईल ते. बोटाची गाठ टक्कन आपटायची, मान तिरपी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "बोलते." नाहीतर, "मुका हाय, बाप्पा. बदला." अमरावतीच्या बाजारातले टरबूजवाले त्यांना लांबून पाहिलं की हातगाडीवर पोतं ओढून घेत. एकदा माझ्या नव्या कवळीकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मी बोलता बोलता तोंडच मिटलं.

ही खोड नोकरीची. मूर्तिजापूरला छोट्या लाईनवर मालगाडीचे डबे तपासायचं काम होतं त्यांच्याकडं. छोटी लाईन म्हणजे अडीच फुटांची, आमच्याकडं सगळे जिला शकुंतला म्हणत ती. गाडी येऊन उभी राहिली की कमरेएवढ्या दांड्याचा हातोडा घेऊन भाऊ एका टोकाकडून निघत आणि एकेक चाक वाजवत. धड चाक टण्ण बोलतं, तडा गेलेलं ठप्प करून गप्प बसतं. डबा बरा असेल तर त्यावर खडूनं गोल. आजारी असेल तर फुली. फुलीचा डबा दुरुस्तीशिवाय जागचा हलवायचा नाही, मग स्टेशनमास्तर रडो की साहेब ओरडो.

मी त्याच स्टेशनात माल ऑफिसात कारकून होते. वडील रेल्वेच्या नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी मला घेतलं. वय बावीस. अमरावतीहून बी.ए. होऊन आलेली. नायलॉनची साडी, काळा गॉगल आणि काखेत एक इंग्रजी मासिक, जे मी सहा महिने रोज नेलं आणि रोज तसंच परत आणलं. मूर्तिजापूरवर आपण उपकार करायला आलो आहोत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आज ती पोरगी रस्त्यात भेटली तर मी तिच्या डोक्यात छत्री घालीन.

पहिल्याच आठवड्यात मी वरिष्ठांना लेखी कळवलं, की एक कर्मचारी दिवसभर चाकांवर हातोडा आपटत हिंडतो, त्याला काही उपयुक्त काम द्यावं. मालबाबूंनी तो कागद शांतपणे वाचला, चार घड्या केल्या आणि बोटाला लागलेला पानाचा चुना त्याला पुसला. मला वाटलं, हाही अडाणी.

मग मोठ्या साहेबांची तपासणी लागली. साहेब येणार म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. फलाटाला चुना मारून घेतला, कुंड्या मांडल्या, आणि सकाळी पाहते तर मालगाडीच्या डब्यांवर खडूनं गिरगटलेलं. हे गोल काय, फुल्या काय! स्टेशनामागच्या पोरांनी खेळ मांडला असणार. मी बादली मागवली, ओलं फडकं घेतलं आणि पदर खोचून एकूण एक डबा स्वतःच्या हातानं पुसून काढला. गॉगल न काढता. हमालही गाडीवर कालपासून नवे आलेले, कोणी काही बोललं नाही. पुसून झाल्यावर मी दोन पावलं मागं सरून गाडीकडं पाहिलं आणि मला माझाच अभिमान वाटला.

त्यात दोनशे चौदा नंबरचा डबा होता. त्याच्या आसाच्या पेटीत तेल टिकत नव्हतं आणि मागचं डावं चाक एका जागी चपटं झालेलं. आदल्या संध्याकाळी भाऊंनी त्यावर फुली काढली होती. आता कोरा करकरीत डबा दिसल्यावर हमालांनी त्यात बारदाना भरला आणि तो गाडीच्या शेवटी, गार्डाच्या डब्याला लागून, अचलपूरकडं निघाला.

दर्यापूरच्या अलीकडं तेलावाचून आस तापला आणि डब्याच्या तळाशी धूर निघाला. गार्ड होते बळीरामजी. त्यांना वास आला, त्यांनी आपल्या डब्यातलं ब्रेकचं चाक आवळलं आणि लाल झेंडी हलवत बोंब ठोकली. नशीब एवढंच, की आमच्या गाडीचा वेग माणसाच्या चालण्याला लाजवणारा नव्हता. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया प्यायच्या पाण्याच्या घागरी घेऊन धावत आल्या, बळीरामजींनी आस विझवला. दोन गठ्ठे जळाले, तळाच्या फळ्या काळ्या पडल्या. माणूस कोणी दुखावलं नाही. पुढं कारखान्यात डब्याला नवी पेटी बसली, चाक तेवढं चपटंच राहिलं.

चौकशी झाली. साहेबांनी भाऊंना उभं केलं. फुली काढली होती की नव्हती?

मी दाराशी उभी होते. गॉगल आता पर्समध्ये होता.

भाऊंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "काढली होती साहेब. पन खडू कच्चा होता. मी दाबून काढाले पाह्यजे होती."

त्यांच्या नावावर ठपका लागला. संध्याकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले, रडायची पूर्ण तयारी करून. भाऊ अंगणात हातोड्याचा दांडा तपासत बसले होते. मी म्हटलं, "मी पुसलं होतं, भाऊ."

"मले मालूम हाय. डब्ब्यावर फडक्याचे वळ होते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमाले फुली काय असते थे कोनी सांगतलं होतं काय? नाई ना? मंग चूक सांगनाऱ्याची." आणि आत बघून ओरडले, "सुमन, च्या ठेव. मॅडम रडून राहिल्या."

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला लाईनवर नेलं आणि बावीस डबे वाजवायला लावले. गॉगल घालायला बंदी. दुपारपर्यंत मला बोलका आणि मुका यातला फरक कळायला लागला. इतकं शिक्षण मला बी.ए.च्या तीन वर्षांत मिळालं नव्हतं.

लग्न होऊन मी नोकरी सोडली तेव्हा त्यांनी मला आहेर म्हणून त्या हातोड्याचा जुना दांडा दिला. नवा दांडा नुकताच बसवला होता. "सासरी कामी येईन," म्हणाले. तो पाहून नवरा पहिले आठ दिवस माझ्याशी फार अदबीनं वागला. पुढं तो मागच्या दाराला अडसर म्हणून लागला आणि पन्नास वर्षं तिथंच राहिला.

हे सगळं मी विसरलेही असते. पण भाऊ रिटायर होऊन आमच्या दोन गल्ल्या पलीकडं राहायला आले, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर एका सकाळी तणतणत माझ्या दारात उभे राहिले. चौकट वाजवायलाही विसरले होते, त्यावरून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"मालतीबाई, आपल्या लायनीवर परके डब्बे धावून राहिले!"

"लाईन तर बंद आहे, भाऊ."

"कॉम्प्युटरवर!"

कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा एक प्रकार असतो. त्याला सिम्युलेटर म्हणतात. खेळ म्हटलेलं भाऊंना चालत नसे. इंजिन आपण हाकायचं, सिग्नल पाळायचे, चढावर वाळू सोडायची. पुण्याच्या काही हौशी लोकांनी त्यात आमची छोटी लाईन उभी केली होती. मूर्तिजापूरचा फलाट, दर्यापूरचं स्टेशन, बाभळी, सगळं हुबेहूब. पण मालगाडीला डबे जोडले होते कुठल्यातरी डोंगरातल्या लाईनचे, रंगीत आणि चकचकीत.

भाऊंनी पुण्याला फोन लावला. मी शेजारीच होते. तिकडचे गृहस्थ फार सभ्य. "काका, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण मूळ डबे भंगारात गेलेत, मापं कुठेच उपलब्ध नाहीत. आणि इतक्या बारकाईने बघतं कोण?"

"मी पाह्यतो ना! डब्बे भंगारात गेले. मापं माह्या ट्रंकेत हायेत."

"मग द्याल का करून? दिवाळीनंतर आम्ही लाईन जगभर खुली करतोय. तोवर तुमचे डबे आले तर तुमचे, नाहीतर आहेत तेच जातील."

भाऊंनी फोन ठेवला. मग म्हणाले, "एकदा थे परके डब्बे गेले की झालं. उद्या पाह्यनारा म्हनन, वऱ्हाडात असेच डब्बे होते. आपन मेल्यावर नाई म्हनाले कोन येते?"

दुसऱ्या दिवसापासून ते कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींत पहिल्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून. बसण्याआधी कॉम्प्युटर वाजवून पाहिला म्हणे. चार महिन्यांत ते पडद्यावर फळी काढायला शिकले. एक फळी, मग दुसरी, मग खिळे. खिळ्यांच्या ओळीवरून पुण्याशी पुन्हा वाजलं. "काका, खिळे चित्रात रंगवले तरी चालतील." "तुमाले चालन, डब्ब्याले नाई चालत."

आठ प्रकारचे डबे करायचे होते. सगळ्यात आधी दोनशे चौदा. का, ते मी विचारलं नाही.

भाद्रपदात घोटाळा झाला. डब्याचा सांगाडा तयार, वरचं खोकं तयार, आणि खोकं सांगाड्यावर बसेना. चारी बाजूंनी बाहेर निघालेलं, धाकट्या भावाच्या डोक्यावर थोरल्याची टोपी ठेवावी तसं. भाऊंनी तीन वेळा सगळं मोडून पुन्हा केलं. जेवण तुटलं. सुमनवहिनी काळजीनं माझ्याकडं आल्या. "तुमी येऊन पाहा ना, बाई. कॉम्प्युटरले वाजवून राहिले, मोडन थो."

मी गेले. ट्रंकेतली वही उघडी होती. मापं बघून मला हसूच आलं. "लांबी आठ दांडे तीन बोटं. उंची तीन दांडे."

"दांडे म्हणजे?"

"हातोड्याचा दांडा. टेप कोन देते आमाले? टेप साहेबाच्या कपाटात. हातोडा कायम हाती, त्यानंच मोजलं. दांडा हा अथी हाय, मोजून घेतला हाय मी. चूक नाई त्यात."

भिंतीला हातोडा टेकला होता. काळाभोर, धावड्याच्या लाकडाचा दांडा. मी त्याच्याकडं पाहिलं आणि माझ्या डोक्यात, फार दिवसांनी, उजेड पडला.

"भाऊ, सांगाडा कधी मोजला होता?"

"डब्बा कारखान्यात होता तवा. तुमी नोकरीत होत्या."

"आणि खोकं?"

"बाद पाच-सात वर्सांनी."

"मग सांगाडा माझ्या मागच्या दाराच्या दांड्यानं मोजलाय!"

भाऊ उठले ते अनवाणीच. दोन गल्ल्या आम्ही दोघं म्हातारे असे चाललो की लोक वाटेतून बाजूला झाले. मी दाराचा अडसर काढला, त्यांनी तो हातोड्याशेजारी धरला. जुना दांडा नव्याहून अडीच बोटं लांब. आठ दांड्यांत अडीच बोटं म्हणजे किती, ते त्यांनी तिथंच अंगणात बसून काढलं आणि इतके मोठ्यानं हसले की शेजारीण डोकावली. अडसर घेऊन गेले. त्या दुपारी उघड्या दारातून मांजर आलं आणि भगुणंभर दूध पिऊन गेलं. मी मांजराला काही बोलले नाही.

त्यानंतर आवाजाची पाळी. पुणेकरांनी तयार आवाज पाठवले होते. भाऊंनी ऐकून एका शब्दात वाटेला लावले, "मुके." आणि माझं स्वयंपाकघर लुटलं. लोखंडी खलबत्ता गेला तो चाकासाठी. विहिरीच्या रहाटाची साखळी दाराच्या कडीसाठी. दोनशे चौदाच्या चपट्या चाकासाठी सरकीचं पोतं लाकडी दिवाणावर आपटायचं आणि मोबाईलवर धरायचं, असं ठरलं. पोतं मी आपटलं. तेरा वेळा. प्रत्येक वेळी भाऊ डोळे मिटून म्हणत, "अजून जरा आळशी." चौदाव्यांदा माझा खरोखरच हात गळाला आणि धप्प असा काही आवाज झाला की त्यांनी डोळे उघडले. "हा! हाच."

दिवाळी आठ दिवसांवर आली. डबे तयार होते. मला वाटलं, आता पाठवतील. पण नाही.

"बळीरामजीनं वळखला पाह्यजे," म्हणाले. "तीस वर्स दोनशे चौदाच्या मागं बसून गेला थो मानूस. त्यानं नाई वळखला तर मी सगळं पुसून टाकीन. चुकीचा डब्बा लायनीवर सोडनार नाई मी."

"वर्षभराची मेहनत पुसाल?"

"तुमी नाई पुसलं होतं काय एका सकाळी?" आणि मिशीत हसले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा काढलं ते, तेही असं.

बळीरामजी बडनेऱ्याला मुलीकडं असतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांना ऑटोनं माझ्याकडं आणलं, कारण माझी बैठक मोठी आणि नुकती रंगवलेली, पिस्ता रंग, सुनेची पसंती. भाऊंनी कॉम्प्युटर मांडला, दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवले. "जय भीम, बळीरामजी. ऐका फक्त. काय बोलायचं थे बाद."

गाडी मूर्तिजापूरहून निघाली. एकेक डबा समोरून जाऊ लागला. रॉकेलची टाकी गेली, उघडा डबा गेला, आणि शेवटी दोनशे चौदा, त्याच्यामागं गार्डाचा डबा. बळीरामजी मांडीवर हात ठेवून ऐकत होते. गाडी गेली.

"चांगली हाय," ते म्हणाले. पाहुण्यांकडं भाजी अळणी असली की आपण म्हणतो तसं.

भाऊंनी खुर्ची पुढं ओढली, सगळं पुसायला हात माऊसवर ठेवला. सुमनवहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं उठावं आणि कॉम्प्युटरची वायरच उपटावी.

तेवढ्यात बळीरामजी म्हणाले, "पन तायडे, तू मले अथी बाहीर काहून उभं केलं?"

"म्हंजे?"

"अरे, म्या कवा रस्त्यावर उभं राहून माही गाडी ऐकली? म्या मागं राह्यतो. मले माह्या डब्ब्यात बसव ना!"

भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. काहीतरी कळ दाबली, आणि पडद्यावर आम्ही गार्डाच्या डब्यात शिरलो. पुढं दोनशे चौदाची मागची बाजू, दोन्हीकडं पळणाऱ्या बाभळी. गाडी पुन्हा सुटली. बळीरामजींनी खुर्ची थोडी तिरपी करून घेतली. गाडीनं वेग धरला तसे ते डुलायला लागले आणि त्यांचा डावा हात आपोआप वर गेला, नसलेल्या ब्रेकच्या चाकावर. टक टक, टक टक, धप्प. टक टक, टक टक, धप्प.

"थांब!" बळीरामजी असे ओरडले की सुनेच्या हातातला ट्रे हलला. "हा त जळका हाय! दोनशे चौदा! मांगचं डावं!" आणि माझ्या दिशेनं तोंड वळवून, "हाच ना, बाई, तुमी पुसेल?"

म्हणजे या माणसालाही माहीत होतं. पन्नास वर्षं. सुनेनं माझ्याकडं पाहिलं. "आई, काय पुसलं होतं तुम्ही?" सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले, दुसरा इलाजच नव्हता. बळीरामजी हसता हसता खोकायला लागले, सुमनवहिनी रडत होत्या की हसत होत्या, पदरामुळं कळेना. भाऊ मात्र उभे राहिले. सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि खडूचा तुकडा काढला. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी खडू खिशात. पडद्यावर तर काढता येईना. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर, कॉम्प्युटरच्या बरोबर वर, चांगला ताटाएवढा गोल काढला. दाबून.

"आता हे पुसू नका, मालतीबाई."

दिवाळीनंतर लाईन खुली झाली, आठही डबे आमचेच. पुण्याच्या गृहस्थांनी कळवलं, की कुठल्या कुठल्या देशांतली माणसं रोज मूर्तिजापूरहून बारदाना भरून निघतात आणि विचारतात, शेवटच्या डब्याचं चाक बिघडलंय का? भाऊंनी उत्तर लिहून पाठवलं होतं, "बिघडलं नाही. ते तसंच आहे." बळीरामजी येऊन गेल्यावर दुसऱ्याच सकाळी ते दिवाळीसाठी मुलीकडं नागपूरला गेले होते आणि तिथंच राहिले. गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारले. माझी आणि त्यांची गाठ भिंतीवर गोल काढला त्या दिवशीचीच शेवटची.

त्या दिवशी बळीरामजींना निरोप द्यायला आम्ही सगळे फाटकाशी आलो. ते ऑटोत बसले. भाऊ हातोडा घेऊन ऑटोभोवती वाकून फिरले. पुढचं चाक, मागचं उजवं, मागचं डावं. ऑटोवाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ बाबा, काय करून राहिले?"

आतून बळीरामजींनी विचारलं, "काय म्हनते, तायडे?"

भाऊ सरळ झाले. खडूनं पांढरा झालेला हात त्यांनी वर केला, गाडीला हिरवी झेंडी दाखवतात तसा.

"बोलते. जाऊ द्या."